आगीचा बंब आणि मतपेटी

कोपऱ्यावरच्या दुकानातून धूर निघू लागला म्हणजे आपण बंबाला वर्दी देतो. तो बंब कोणत्या ठाण्यातून निघाला, ते ठाणे तेथेच का आणि आपल्या बाजूला का नाही, हे प्रश्न त्या घटकेला कोणाच्या मनात येत नाहीत, येऊही नयेत. परंतु आग विझल्यावर, स्वस्थ चित्ताने, ते अवश्य विचारावेत. कारण ठाण्याची जागा दैवाने ठरविलेली नसते. ती माणसांनी ठरविलेली असते, आणि त्या माणसांना आणखी कोणीतरी निवडून दिलेले असते. त्यांना कोणी निवडावे व कसे निवडावे, एवढाच आमचा आजचा विषय आहे. त्यासाठी आम्ही वाचकांना जरा दूर, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नेणार आहोत. कारण या प्रश्नाचा जितका बारकाईने कीस तेथे पाडला गेला, तितका क्वचितच कोठे पाडला गेला असेल.

आपल्याकडे शहरातला बंब महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा. दिवाबत्ती, पाणी, गटारे पाहणारे नगरसेवकच अग्निशामक दलाचा खर्चही मंजूर करतात. त्यामुळे केवळ बंबासाठी वेगळी निवडणूक ही कल्पना आपल्याला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र, विशेषतः शहरांच्या हद्दीबाहेर पसरलेल्या वस्त्यांसाठी, एकेका कामापुरत्या स्वतंत्र स्थानिक संस्था स्थापन करण्याची चाल आहे. कॅलिफोर्नियात या चालीचा उगम पाण्यात झाला. १८८७ साली तेथे राइट यांचा कायदा झाला आणि त्याच वर्षी टरलॉक येथील शेतकऱ्यांनी पाटबंधाऱ्यांसाठी अशी पहिली संस्था उभारली. पुढे हाच नमुना दफनभूमी, डासनिर्मूलन, ग्रंथालये आणि आग विझविणे या कामांसाठी उचलला गेला. आग विझविणाऱ्या संस्थेला ‘फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. आपण तिला अग्निरक्षण क्षेत्र म्हणू. ‘जिल्हा’ म्हटले तर उगाच कलेक्टर कचेरी डोळ्यांपुढे उभी राहते.

या क्षेत्रांचा कारभार सध्या १९८७ च्या कायद्याने चालतो. क्षेत्रावर एक मंडळ असते. कोठे ते लोकांनी थेट निवडलेले असते, कोठे नेमलेले असते, तर कोठे काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाचे, निर्वाचित मंडळच हे कामही अंगावर घेते. निवडलेले मंडळ बहुधा पाच सभासदांचे, मुदत चार वर्षांची. आणि सगळ्या जागा एकदम रिकाम्या होऊ नयेत म्हणून दोन वर्षांच्या अंतराने निम्म्यानिम्म्या जागांची निवडणूक होते. मंडळाचा सभासद स्वतः नळी हातात घेत नाही. दलाचा प्रमुख नेमणे, अंदाजपत्रक मंजूर करणे, नोकरवर्गाशी वेतनाचे करार करणे, नवे ठाणे कोठे बांधायचे आणि पैसा कमी पडला तर कोणते ठाणे बंद करायचे, ही त्याची कामे.

यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संघटनेने पगारी दलांसाठी २००१ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. त्यात पहिल्या बंबाने ठाण्यातून निघाल्यापासून चार मिनिटांत जागेवर पोचावे, आणि दहापैकी नऊ वेळा तरी हे साधावे, अशी अपेक्षा आहे. चार मिनिटांत बंब किती जाईल? सपाट, सरळ रस्त्यावर दोनएक मैल. डोंगरातल्या वळणांवर त्याहून पुष्कळ कमी. ठाणे या रस्त्यावरून त्या रस्त्यावर हलविले की कोणाची चार मिनिटे वाढून आठ होतात आणि कोणाची आठ कमी होऊन चार होतात. शिवाय बंबाला येणाऱ्या वर्द्यांपैकी बहुतेक आता आगीच्या नसतातच. त्या हृदयविकाराच्या, अपघाताच्या, म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याच्या असतात. ठाण्याची जागा ठरविणे म्हणजे कोणी किती मिनिटे वाट पाहायची ते ठरविणे होय.

मग हे ठरविणारे पाचजण निवडावेत कसे? येथे दोन पद्धती समोरासमोर उभ्या राहतात. पहिली सरसकट पद्धत: संपूर्ण क्षेत्र हाच एक मतदारसंघ, आणि प्रत्येक मतदार जितक्या जागा तितक्या उमेदवारांना मते देतो. दुसरी वॉर्डवार पद्धत: क्षेत्राचे पाच वॉर्ड पाडायचे, आणि प्रत्येक वॉर्डाने आपल्यात राहणारा एक सभासद निवडायचा.

वरवर पाहता सरसकट पद्धत अधिक उदार वाटते. प्रत्येक मतदाराला सर्वच सभासदांच्या निवडीत हात घालता येतो. मग यात अन्याय तो कोणता? हे समजण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागेल. ते चौथीतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे.

समजा, एका क्षेत्रात दहा हजार मतदार आहेत. त्यांपैकी सहा हजार टेकडीवरच्या नव्या बंगल्यांत राहतात आणि चार हजार खालच्या जुन्या गावात. टेकडीचे पाच उमेदवार आहेत, गावाचेही पाच. लोक आपापल्या बाजूलाच मत देतात असे धरू. सरसकट निवडणुकीत टेकडीच्या प्रत्येक उमेदवाराला सहा हजार मते पडतील आणि गावाच्या प्रत्येकाला चार हजार. पाचही जागा टेकडीच्या! शंभरातल्या साठांना पाचांतल्या पाच आणि चाळिसांना शून्य. जागांची निवडणूक दोन हप्त्यांत घेतली तरी निकाल तोच. आधी तीन जागा जातील, मग दोन. मतपेटीत कोणी लबाडी केलेली नाही, कोणाचा हक्क हिरावलेला नाही, तरी चार हजार माणसे दरवेळी मत देतात आणि दरवेळी रिकाम्या हातांनी घरी जातात.

आता याच क्षेत्राचे दोन-दोन हजारांचे पाच वॉर्ड पाडा. गाव एकवट वसलेले आहे; त्याचे चार हजार मतदार दोन वॉर्डांत बसतात. निकाल तीन विरुद्ध दोन. टेकडीचे बहुमत कायमच आहे, आणि ते असावेच. परंतु गावाचे दोन सभासद आता मंडळाच्या टेबलाशी बसले आहेत. खालचे ठाणे बंद करण्याचा ठराव आला तर ते उठून विचारतील, आणि त्यांचा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदला जाईल.

येथे एक चलाख तडजोड पुढे येते. वॉर्ड पाडा, सभासद त्या त्या वॉर्डाचा रहिवासी असावा असा नियम करा, पण मत मात्र सगळ्या क्षेत्राला देऊ द्या. ऐकायला छान, परंतु आमच्या उदाहरणात काय होईल ते पाहा. गावातल्या वॉर्डाचा सभासद गावातच राहणारा असेल, पण त्याला निवडतील टेकडीचे सहा हजार. ज्या गावकऱ्यावर टेकडीची मर्जी आहे तोच निवडून येईल. घर गावात, धनी टेकडीवर! प्रतिनिधी कोठे राहतो यापेक्षा तो कोणाच्या मतावर उभा आहे हे महत्त्वाचे, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हे मर्म ओळखून या मधल्या पद्धतीलाही सरसकट पद्धतीतच मोजले आहे.

हा कायदा कसा आला ते आता सांगितले पाहिजे; कारण आम्ही टेकडी आणि गाव म्हटले, तरी अमेरिकेत या भांडणाचे खरे नाव वंश हे आहे. अलाबामातील मोबाइल शहराचा कारभार १९११ पासून तीन आयुक्त पाहत, आणि ते सरसकट निवडले जात. शहराच्या वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा कृष्णवर्णीय. तरी त्यांच्यापैकी एकही आयुक्त कधी झाला नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८० साली न्यायालयाने सांगितले की, नुसता परिणाम दाखवून भागणार नाही. भेद करण्याचा हेतू सिद्ध झाला पाहिजे. हेतू सिद्ध करणे म्हणजे मेलेल्या माणसांच्या मनात शिरणे. म्हणून १९८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मतदान हक्काच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि परिणामालाही पुराव्याचे स्थान दिले. पुढे १९८६ च्या एका निकालाने कसोट्या घालून दिल्या. त्यांतली एक अशी की, अल्पसंख्य गट एखाद्या वॉर्डात बहुसंख्य ठरेल इतका मोठा व एकवट वसलेला असला पाहिजे.

कॅलिफोर्नियाने याच्याही पुढे पाऊल टाकले. तेथील ‘२००१ चा मतदान हक्क कायदा’ २००२ मध्ये मंजुरीची सही होऊन २००३ च्या आरंभापासून अमलात आला. या कायद्याखाली फिर्यादीने हेतू दाखविण्याची गरज नाही, आणि गट एखाद्या वॉर्डात बहुसंख्य होईल हेही दाखविण्याची गरज नाही. मतदान वंशानुसार दुभंगलेले असते, म्हणजे एका गटाची पसंती एकीकडे आणि उरलेल्या मतदारांची दुसरीकडे असते, हे मात्र दाखवावे लागते. २०२३ मध्ये सांता मोनिका शहराच्या खटल्यात तेथील राज्य सर्वोच्च न्यायालयाने यात एक गोष्ट स्पष्ट केली: दुभंग दाखविणे पुरेसे नाही, दुसऱ्या एखाद्या कायदेशीर पद्धतीत त्या गटाला आपल्या पसंतीचा उमेदवार निवडून आणण्याची शक्यता होती, हेही दाखविले पाहिजे.

या कायद्याला दात आहेत. मोडेस्टो शहराने तो घटनाबाह्य ठरावा म्हणून न्यायालयात झुंज दिली. २००६ मध्ये अपील न्यायालयाने कायदा उचलून धरला, आणि शेवटी शहराला फिर्यादींच्या वकिलांच्या खर्चापोटी तीस लाख डॉलर मोजावे लागले. ते पाहून इतरांचे धाबे दणाणले. लहान संस्था केवळ खर्चाच्या भीतीने बुडू नयेत म्हणून २०१६ मध्ये एक तरतूद झाली. खटल्यापूर्वी फिर्यादीने लेखी सूचना द्यावी, ती मिळाल्यावर मंडळाला पंचेचाळीस दिवस मिळावेत, त्या अवधीत बदलाचा ठराव झाला तर पुढचे नव्वद दिवस खटला भरता येऊ नये, आणि सूचना देणाऱ्याच्या खर्चाची भरपाई तीस हजार डॉलरांपर्यंतच असावी. ही मर्यादा महागाईप्रमाणे वाढते. अशा सूचना शहरांना व शाळामंडळांना आल्या, तशाच अग्निरक्षण क्षेत्रांनाही आल्या, आणि अनेक क्षेत्रांनी गेल्या काही वर्षांत सरसकट पद्धत सोडून वॉर्ड स्वीकारले. काही मोठी क्षेत्रे तर विभागवारच चालतात. सॅक्रॅमेंटो महानगर अग्निरक्षण क्षेत्राचे मंडळ नऊ विभागांतून आलेल्या नऊ सभासदांचे आहे.

वॉर्ड पाडण्याचे कामही मंडळाने बंद खोलीत उरकायचे नसते. नकाशा काढण्याआधी जाहीर सुनावण्या आणि मसुदा प्रसिद्ध केल्यावर पुन्हा जाहीर सुनावण्या, असा क्रम ठरलेला आहे. वॉर्डांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी हवी. १९६८ मध्ये टेक्ससमधील मिडलंड काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व स्थानिक संस्थांना लागू केले, ते यासाठीच. दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की रेषा पुन्हा तपासायच्या. वंश हा एकच निकष धरून रेषा ओढता येत नाहीत. वस्तीची सलगता, रस्ते, ओढे, एकत्र नांदणारे समाज यांचाही विचार करावा लागतो.

येथवर वाचून कोणाला वाटेल की वॉर्ड पाडले म्हणजे न्याय झाला. आम्हाला तसे म्हणावयाचे नाही. वॉर्डवार पद्धतीवरचे आक्षेप खरे आहेत, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत.

पहिला आक्षेप आमच्याच अंकगणितातला. ते चार हजार मतदार एका जागी न राहता सगळ्या क्षेत्रात विखुरलेले असते तर? प्रत्येक वॉर्डात टेकडीचे बाराशे आणि गावाचे आठशे. पाचही वॉर्डांत हार! वॉर्ड हा एकवट वसलेल्यांना हात देतो, विखुरलेल्यांना नाही. त्यांच्यासाठी दुसरे उपाय आहेत. कॅलिफोर्नियातील ऑल्बनी या छोट्या शहराने २०२२ मध्ये पसंतिक्रमाने मतदान घेतले. दुसरा उपाय असा की, मतदाराला जितक्या जागा तितकी मते द्यावीत, पण ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा ठेवावी. वाचकांतील जाणत्यांना हे अनोळखी वाटू नये. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यातील अनेक जागांच्या मतदारसंघांत हीच रीत होती, आणि राखीव जागांच्या मतदारसंघांत अस्पृश्य मतदारांना आपली मते एकवटून आपला माणूस निवडण्याचा मार्ग तिनेच मोकळा केला होता. सांता मोनिकाच्या निकालातही वॉर्डांना पर्याय म्हणून अशा पद्धतींचा विचार करता येईल असे म्हटले आहे.

दुसरा आक्षेप उमेदवारांचा. बंबाच्या मंडळावर बसून फारशी कीर्ती मिळत नाही. सरसकट पद्धतीतही पाच जागांना पाच माणसे मिळणे कठीण जाते, आणि जागांपेक्षा उमेदवार जास्त नसतील तर तेथे निवडणूक न घेता आलेल्यांचीच नेमणूक केली जाते. वॉर्ड लहान झाला की प्रत्येक वॉर्डात कोणीतरी पुढे यायला हवे. कोणीच आले नाही तर कागदावर प्रतिनिधी आहे आणि खुर्ची रिकामी, अशी गत होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आगीला वॉर्डाची रेषा दिसत नाही. २० ऑक्टोबर १९९१ रोजी ओकलंडच्या टेकड्यांवर पेटलेल्या वणव्यात २५ माणसे मेली. मदतीला शेजारच्या गावांचे बंब धावले. परंतु ओकलंडच्या पाण्याच्या नळांची तोंडे तीन इंची, आणि पाहुण्यांच्या नळ्या अडीच इंची! मधला जोड हाताशी नसेल तर पाणी समोर असूनही घेता येईना. प्रत्येकाने आपापले माप धरले की काय होते याचा हा कायमचा धडा आहे. वॉर्डाचा सभासद ‘माझे ठाणे, माझा बंब’ एवढेच धरून बसला, पाचांनी पाच ठाणी वाटून घेतली आणि माणसे, साधने, शिक्षण यांचा एकत्र विचार कोणी केलाच नाही, तर वॉर्डवार पद्धतीने क्षेत्राचे हितच होणार नाही. सरसकट पद्धतीचे समर्थक हेच सांगत आले आहेत, आणि ते खोटे नाही.

चौथी गोष्ट आक्षेपाची नव्हे, वस्तुस्थितीची. प्रतिनिधी मिळाला म्हणून पैसा मिळत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘तेरावा प्रस्ताव’ मंजूर करून मालमत्ता कराचा दर एक टक्क्यावर बांधून टाकला. आणि त्या करात कोणत्या संस्थेचा किती वाटा, हे त्या वेळच्या वाट्यांवरून ठरले. ओकलंडच्या पूर्वेकडचा ब्रेंटवुड आणि ओकली हा मुलूख तेव्हा शेतामळ्यांचा. आगीच्या संस्था लहान, म्हणून वाटाही लहान. पुढे तेथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, वस्ती लाखावर गेली, वाटा मात्र तेवढाच. पूर्व कॉन्ट्रा कॉस्टा अग्निरक्षण क्षेत्राला सुमारे २४९ चौरस मैलांचा प्रदेश एक वेळ केवळ तीन ठाण्यांवर सांभाळावा लागला. जादा कराचे प्रस्ताव लोकांपुढे गेले आणि नापास झाले. तेथील मंडळ आधी नेमलेले असे; नंतर ते लोकांनी निवडलेले झाले. तरीही तिजोरी भरली नाही. अखेर १ जुलै २०२२ रोजी ते क्षेत्र शेजारच्या मोठ्या काउंटी क्षेत्रात विलीन झाले. त्या मोठ्या क्षेत्राचा कारभार काउंटीचे पाच पर्यवेक्षक पाहतात, आणि ते पाचही विभागवार निवडलेले असतात. म्हणजे पूर्वेच्या लोकांनी आपले स्वतंत्र मंडळ दिले आणि मोठ्या मंडळातला एक आवाज घेतला. त्यांनी काय गमावले आणि काय मिळविले हे ठरविताना वॉर्डांचा नकाशा पाहावा लागेल, आणि ठाण्यांचाही.

मग आमचे मत काय? आमच्या मते वॉर्डवार पद्धतीची खरी किंमत जागांच्या हिशेबात नाही, ती उत्तरदायित्वात आहे. सरसकट निवडलेले पाचजण सगळ्यांचे असतात, आणि जो सगळ्यांचा तो अडचणीच्या वेळी कोणाचाच नसतो, हा अनुभव आपल्याला सार्वजनिक कामात नवा नाही. खालच्या गावातल्या बाईच्या घरी बंब अकरा मिनिटांनी पोचला, तर दुसऱ्या दिवशी तिने कोणाचे दार ठोठवावे? सरसकट पद्धतीत तिला पाच दारे आहेत, आणि पाचांपैकी एकालाही तिच्या मतावाचून अडत नाही. वॉर्डवार पद्धतीत दार एकच, पण त्या दाराआडच्या माणसाला चार वर्षांनी तिच्याचकडे यायचे आहे. तो तिला बंब देऊ शकेलच असे नाही. मात्र ठाणे का हलले, पैसा कोठे गेला, पुढे काय करणार, हे त्याला तिच्या तोंडावर सांगावे लागेल. तीनास दोन मतांनी हरणेही कधीकधी पुरेसे असते. कारण हरणाऱ्या दोघांना कारण विचारण्याचा हक्क असतो आणि जिंकणाऱ्या तिघांना ते द्यावे लागते.

मात्र यासाठी तीन गोष्टी हव्यात: रेषा ओढताना लोकांनी सुनावणीला हजर राहणे, वॉर्डातून कोणीतरी उभे राहणे, आणि निवडून गेल्यावर त्या माणसाने आपल्या वॉर्डासाठी भांडताना संपूर्ण क्षेत्राचा नकाशा नजरेआड न करणे. पहिल्या दोन गोष्टी नागरिकांच्या हातच्या आहेत, तिसरी प्रतिनिधीच्या. कायदा फक्त दार उघडून देतो. आत जायचे की उंबऱ्यावरच बसून राहायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

रात्री घंटा वाजते आणि बंब निघतो, तेव्हा कोणी कोणाला मत दिले हे तो विचारत नाही, विचारूही नये. परंतु तो ज्या ठाण्यातून निघाला ते ठाणे तेथे का आहे, या प्रश्नाचे उत्तर मतपेटीतच असते. ते उत्तर आग लागण्यापूर्वी शोधलेले बरे.